घरगुती पाळणाघरातून मुलांना काढताना किती दिवस आधी सांगावे?

तुमची चार आणि दोन वर्षांची मुले ऐरोलीत एका काकूंच्या घरगुती पाळणाघरात जातात, आता तुम्ही घोडबंदर रस्त्यावर राहायला जाणार आहात, लेखी काहीच ठरलेले नाही आणि लवकर सांगितले तर उरलेल्या दिवसांत मुलांकडे दुर्लक्ष होईल अशी भीती तुम्हाला वाटते, असे तुम्ही लिहिले आहे. मी गेली अकरा वर्षे कोपरखैरण्यात राहत्या घरी पाळणाघर चालवते, म्हणून त्या काकूंच्या जागेवरून उत्तर देते.

निदान एक पूर्ण महिना आधी सांगा. दोन्ही मुले एकदम जाणार असल्यामुळे जमल्यास दीड महिना. माझ्याकडे सहा मुले असतात. एकाच घरातली दोन गेली की उत्पन्नाचा तिसरा हिस्सा एका दिवसात थांबतो, पण मदतनीस बाईंचा पगार आणि घराचे भाडे तेवढेच राहते. रिकामी जागा लगेच भरतही नाही. मोठ्या मुलांची चौकशी मुख्यतः मे-जूनमध्ये, शाळा सुरू होण्याच्या सुमारास होते. एरवी येतात त्या बहुधा सव्वीस आठवड्यांची बाळंतपणाची रजा संपत आलेल्या आया, आणि चार वर्षांच्या मुलाच्या जागी सहा महिन्यांचे बाळ घेता येतेच असे नाही, कारण बाळाला सतत दोन हात लागतात. एका वर्षी जुलै संपता संपता एका कुटुंबाने दोन्ही मुले उद्यापासून येणार नाहीत असे संध्याकाळी दारातच सांगितले. त्या जागा दिवाळीपर्यंत भरल्या नाहीत, मला मदतनीस बाईंचे तास कमी करावे लागले आणि त्यांनी दुसरे काम धरले. उरलेली चार मुले त्यांच्या हातून जेवत असत. त्या मुलांना पुढे कितीतरी दिवस जेवण गोड लागले नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

तुमच्या भीतीबद्दल मोकळेपणाने सांगते. जिच्या मांडीवर तुमचे मूल दोन वर्षे झोपले आहे, ती बाई निरोप कळल्यावर त्याला उपाशी ठेवणार नाही. तसा संशय खरोखरच येत असेल, तर प्रश्न नोटिशीचा उरत नाही. मारहाण, मुलाला कोंडून ठेवणे, अंगावर न समजणाऱ्या खुणा असे काही आढळले, तर मुलांना त्याच दिवशी काढा, पैशांचा विचार नंतर करा, आणि गरज वाटल्यास १०९८ या मुलांसाठीच्या चाइल्ड हेल्पलाइनच्या क्रमांकावर कळवा.

एरवी हे बोलणे मुलांना घ्यायला येता त्या घाईच्या वेळी नको. शनिवारी वेळ मागून घ्या, मुलांना सोबत नेऊ नका आणि घर बदलण्याचे कारण सरळ सांगा. मग त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर दोन ओळी पाठवा: ‘काकू, आज बोलल्याप्रमाणे दोन्ही मुलांचा शेवटचा दिवस अमुक तारीख राहील. तोपर्यंतची फी आम्ही देऊ. अनामत रकमेचे कसे करायचे ते कृपया कळवावे.’ अनामत शेवटच्या महिन्यात वळती होईल असे अनेक पालक गृहीत धरतात आणि वाद तिथेच होतो, म्हणून आधी विचारावे. महिन्याच्या मध्यावर सांगत असाल, तर पुढच्या महिन्याच्या त्याच तारखेपर्यंतची फी द्या, मुले आधीच यायची थांबली तरीही. कागद नाही म्हणून काहीच बांधील नाही, असे समजू नका. १८७२ च्या भारतीय करार कायद्यानुसार तोंडी ठरलेला व्यवहारही करार ठरू शकतो. प्रवेशाच्या वेळी काय बोलणे झाले होते ते दोघांनी आठवून पाहावे.

धाकट्याला एवढ्या आधी सांगण्याची गरज नाही, थोरलीला शेवटच्या आठवड्यात सांगा. मात्र काकूंना ते तुमच्याकडून आधी कळलेले असावे, मुलीच्या तोंडून नव्हे. तुमच्या सोसायटीत कोणी पाळणाघर शोधत असेल, तर काकूंना विचारून त्यांचा क्रमांक द्या. मला अशा दोन जागा जाणाऱ्या पालकांनीच भरून दिल्या आहेत. शेवटच्या दिवशी अर्धा तास लवकर जा, म्हणजे चादर, जादा कपडे आणि औषधाची बाटली शांतपणे गोळा करता येईल आणि मुलांना काकूंजवळ थोडा वेळ बसता येईल.