आईच्या फाईलवर २५ वर्षांपासून ‘पेनिसिलीनची अ‍ॅलर्जी’ लिहिलेली आहे. गुडघ्याच्या ऑपरेशनआधी तपासणी करून घेण्यात धोका आहे का? की वॉर्डातला टेस्ट डोस पुरे?

मी भूलतज्ज्ञ आहे, त्यामुळे हा प्रश्न नेहमी समोर येतो, तोही बहुधा ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी, जेव्हा काही करायला वेळच उरलेला नसतो. तुम्ही आधीच विचारताय हे बरं केलंत.

तुम्ही लिहिलंय की तेव्हा इंजेक्शननंतर आईंना ‘काहीतरी झालं होतं’. सगळी मेख तिथेच आहे. धोका किती, हे सुई टोचायच्या आधी, विचारपूस करूनच ठरतं. इंजेक्शननंतर किती वेळाने झालं? अंगावर पित्त उठून गांधी आल्या, की दोन-तीन दिवसांनी बारीक पुरळ? ओठ, घसा सुजला का? धाप लागली, शुद्ध हरपली? अ‍ॅडमिट करावं लागलं का? नुसती मळमळ किंवा जुलाब झाले असतील तर ती अ‍ॅलर्जीच नव्हे. आणि माझा आवडता प्रश्न: त्यानंतर कधी दाताच्या डॉक्टरांनी अमॉक्सिसिलीन (पेनिसिलीनच्याच कुळातली गोळी) दिलं होतं का? घरातली जुनी प्रिस्क्रिप्शन्स काढून बघा. त्या गोळ्या घेऊन काही झालं नसेल, तर अर्धा निकाल तुमच्या कपाटातच आहे.

मेलबर्नच्या डॉक्टरांनी २०२० मध्ये ‘पेन-फास्ट’ नावाची सोपी मोजणी प्रसिद्ध केली. रिअ‍ॅक्शन गेल्या पाच वर्षांतली असेल तर २ गुण. अ‍ॅनाफिलॅक्सिस (धाप लागणं, बीपी कोसळणं अशी जिवावर बेतणारी रिअ‍ॅक्शन), चेहऱ्या-घशाची सूज किंवा कातडीची गंभीर रिअ‍ॅक्शन असेल तर २. उपचार करावे लागले असतील किंवा आठवतच नसेल तर १. बेरीज तीनपेक्षा कमी आली तर खरी अ‍ॅलर्जी निघण्याची शक्यता पाच टक्क्यांच्या आत, शून्य आली तर एका टक्क्याहून कमी. आईंना तेव्हा फक्त पुरळ आलं असेल तर त्या याच गटात बसतात. पण धाप लागून अ‍ॅडमिट केलं असेल, तर इतकं जुनं असूनही ३ गुण होतात आणि आधी अ‍ॅलर्जीतज्ज्ञांकडे जावं लागेल.

कमी धोक्याच्या पेशंटना आता थेट अमॉक्सिसिलीन तोंडाने देऊन, देखरेखीखाली बसवून ठेवतात. २०२३ च्या ‘पॅलेस’ चाचणीत सुमारे पावणेचारशे जणांपैकी अर्ध्यांची आधी त्वचाचाचणी केली, अर्ध्यांना थेट गोळी दिली. तासाभरात रिअ‍ॅक्शन आली ती दोन्हीकडे एकेकालाच. अर्थात हे घरी करायचं काम नाही. अ‍ॅड्रिनॅलिन हाताशी आणि ते मांडीत टोचणारं माणूस समोर हवं.

आता वॉर्डातला टेस्ट डोस. सिस्टर जे अँटिबायोटिक द्यायचं त्याचाच थेंबभर कातडीत सोडतात, पेनाने भोवती गोल काढतात, थोड्या वेळाने बघून फाईलवर ‘एएसटी निगेटिव्ह’, म्हणजे टेस्ट डोसला काही झालं नाही, असं लिहितात. शास्त्रोक्त त्वचाचाचणीत शेजारी तुलनेसाठी सलाईन आणि हिस्टामिन (हमखास गांध आणणारं द्रव्य) हेही टोचतात, औषध ठरावीक प्रमाणात पातळ करतात, १५-२० मिनिटांनी फुगवटा मोजतात आणि तो सलाईनपेक्षा निदान ३ मिलिमीटर मोठा असेल तरच पॉझिटिव्ह धरतात. वॉर्डात यातलं बहुधा काहीच नसतं. घट्ट औषधाने कोणाचीही कातडी लाल होते, आणि आदल्या रात्री सेट्रिझिन ही अ‍ॅलर्जीची गोळी घेतली असेल तर खरा अ‍ॅलर्जिकही ‘निगेटिव्ह’ निघतो. माझ्या मते ही चाचणी पेशंटपेक्षा फाईलच्या समाधानासाठी चालते.

एक गोष्ट मात्र पक्की. तेव्हा तोंडात फोड येऊन कातडी सोलवटली असेल, किंवा ताप, पुरळ आणि लिव्हरला सूज असं एकत्र झालं असेल, तर गोळी देऊन बघायचा विषयच नाही. तो धोका कोणीही घेऊ नये.

तपासणी टाळण्यातही धोका आहे, हे घरचे धरतच नाहीत. गुडघा बदलताना इन्फेक्शन टाळायला सहसा सेफाझोलिन हे अँटिबायोटिक देतात. त्याची रासायनिक साखळी पेनिसिलीनपेक्षा वेगळी आहे, त्यामुळे वर सांगितलेल्या गंभीर प्रकारच्या रिअ‍ॅक्शन सोडल्या तर ते बहुतेकांना चालतं. पण ‘अ‍ॅलर्जी’ वाचून बिचकलेले डॉक्टर दुसरंच काही देतात. बोस्टनच्या २०१८ च्या अभ्यासात असा शिक्का असलेल्यांमध्ये ऑपरेशनच्या जागी इन्फेक्शनची शक्यता सुमारे दीडपट आढळली.

तेव्हा ऑपरेशनच्या काही आठवडे आधी भूलतज्ज्ञांना भेटा. आईंना दमा असेल किंवा बीपीसाठी बीटा ब्लॉकर चालू असेल तर सांगा. अ‍ॅलर्जी नाही असं निघालं, तर तसं लेखी घ्या आणि प्रत्येक दवाखान्याच्या फाईलवरचा तो शेरा स्वतः उभं राहून खोडून घ्या, नाहीतर पुढच्या अ‍ॅडमिशनला तो पुन्हा उतरवला जाईल.