कॉर्फचा घसरलेला दरवाजा

प्रश्न : माझी मुलगी इंग्लंडमध्ये साउदॅम्प्टनला राहते. तिच्याकडे गेलो असता आम्ही डॉर्सेटमधील कॉर्फ कासल हा पडका किल्ला पाहिला. तेथील काही बुरूज चमत्कारिक रीतीने कललेले आहेत, आणि आतल्या एका दरवाजाचा अर्धा भाग खाली घसरूनही उभाच आहे. हे भूकंपाने झाले, की वेढ्यातील तोफांनी?
— एक वाचक, सातारा

उत्तर : दोन्हींपैकी कशानेही नाही. हा किल्ला निकामी करण्याचा ठराव इंग्लंडच्या संसदेने मार्च १६४६ मध्ये केला आणि त्यानुसार तटबुरुजांच्या पायाखाली खणून, दारू ठासून सुरुंग उडवण्यात आले. टेकडीचा उतार तीव्र असल्यामुळे काही बांधकाम न फुटता अखंडच खाली सरकले. आपण पाहिलेला दरवाजा त्यांपैकीच एक.

या रागाचे कारण राजा पहिला चार्ल्स आणि संसद यांच्यातील यादवीत आहे. किल्ल्याचे मालक सर जॉन बँक्स राजाच्या पक्षाचे होते. ते राजाजवळ असताना, १६४३ मध्ये पडलेल्या सुमारे सहा आठवड्यांच्या वेढ्यात त्यांच्या पत्नी मेरी यांनी तुटपुंज्या शिबंदीनिशी किल्ला लढवला आणि वरून दगड व निखारे टाकून हल्ला परतवला. दुसऱ्या वेढ्यात मात्र फितुरी झाली. पिटमन नावाच्या अधिकाऱ्याने कुमक आणतो असे सांगून संसदेचेच सैनिक आत घेतले. मेरीबाईंच्या शौर्याचा मान म्हणून किल्ल्याच्या चाव्या त्यांना परत दिल्या गेल्या, अशी परंपरा आहे; बँक्स घराण्याच्या किंग्स्टन लेसी येथील वाड्यात त्या आजही पाहायला मिळतात.

किल्ला अर्थातच त्याहून पुष्कळ जुना आहे. त्याची उभारणी विल्यम द कॉन्करर याच्या काळात सुरू झाली, तर पर्बेकच्या दगडातील सुमारे २१ मीटर उंचीचा बालेकिल्ला बाराव्या शतकाच्या आरंभी पहिल्या हेन्रीने बांधला. पुढे जॉन राजाने येथे कैदेत टाकलेल्या सरदारांपैकी २२ जण उपासमारीने मेले, असे सांगतात.

१८१८ नंतर इंग्रजांनी आपल्या सह्याद्रीतील गडांच्या वाटा आणि तट उद्ध्वस्त केले, ते आपण साताऱ्याचे असल्याने जाणताच. शत्रूला पुन्हा आसरा मिळू नये, हा हिशेब त्यांनी स्वतःच्या देशात पावणेदोनशे वर्षे आधीच मांडला होता.

पुन्हा जाणे झाल्यास पायथ्याच्या गावातील जुनी घरे निरखून पाहावीत. किल्ल्याचा बराच दगड त्यांच्या भिंतींत गेला आहे.