सातवीतल्या मुलीचा खो-खो बंद केला तर गुण वाढतील का?

तुमची मुलगी सातवीत आहे, रोज संध्याकाळी दीड तास खो-खोला जाते, पहिल्या सत्रात गणितात घसरली आणि आता घरातले सगळे खेळ बंद करा म्हणताहेत, असं तुम्ही लिहिलंय. मी 22 वर्षं शाळेत खेळ शिकवतोय. कृपा करून बंद करू नका.

खेळलं की गुण आपोआप वाढतात, असं मी म्हणणार नाही. पण खेळामुळे अभ्यास बुडतो, हेही खरं नाही. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात 1970 च्या दशकात प्राथमिक शाळेतल्या मुलांना इतर विषयांचा वेळ कापून रोज एक तास शारीरिक शिक्षण दिलं. निकाल घसरला नाही, उलट वरच्या वर्गांत ही मुलं थोडी पुढेच राहिली. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात चार्ल्स हिलमन यांनी 221 मुलांवर केलेला प्रयोग 2014 साली प्रसिद्ध झाला. सात ते नऊ वर्षांची मुलं, त्यातली निम्मी शाळा सुटल्यावर नऊ महिने खेळली. लक्ष विचलित करणाऱ्या गोष्टी बाजूला सारणं आणि एका कामावरून दुसऱ्यावर चटकन वळणं, या दोन्ही बाबतींत ती न खेळणाऱ्यांपेक्षा जास्त सुधारली.

आता तुमची मुलगी मैदानावर काय करते ते बघा. पाटीवर बसलेली असताना खो मिळाल्याशिवाय उठायचं नाही, समोरून गडी हाताच्या अंतरावरून गेला तरी. खो मिळाला की क्षणात दिशा ठरवायची, आणि एकदा ठरली की खांबापर्यंत वळायचं नाही. मधली पाटी ओलांडायची नाही. पळणारी मात्र हवी तशी वळू शकते. म्हणजे अंगात वेग भरलेला असताना मोह आवरायचा, नियम डोक्यात ठेवायचा आणि पुढचा खो कुणाला द्यायचा हेही ठरवायचं. सरावाच्या पहिल्या महिन्यात मुली फाऊलवर फाऊल करतात. चौथ्या महिन्यात त्याच मुली शांत बसून वाट बघतात. हा बदल मी दरवर्षी बघतो आणि दरवर्षी मला तितकाच आनंद होतो.

माझ्याकडच्या एका मुलीचा खेळ आठवीत घरच्यांनी थांबवला. गुण होते तिथेच राहिले. तिची आई नंतर म्हणाली, ती पुस्तक उघडून बसते, पण पान उलटत नाही.

सातवीच्या गणितात ऋण संख्यांचा गुणाकार-भागाकार येतो. तिथे चिन्हांचा गोंधळ झाला की पुढची समीकरणंही चुकतात. तिची उत्तरपत्रिका घेऊन शेजारी बसा आणि नेमकं कुठे अडलंय ते शोधा. ती किती वाजता झोपते हेही बघा. या वयात नऊ तास तरी झोप लागतेच, आणि ती बहुतेक वेळा मैदानामुळे नव्हे, जेवणानंतरच्या मोबाइलमुळे तुटते.

तिच्या प्रशिक्षकांना एकदा भेटा. परीक्षेच्या आठवड्यात सराव अर्ध्या तासावर आणायला सांगा, मी स्वतः तसंच करतो. आणि मैदानावरून आली की लगेच अभ्यासाला बसवू नका. आधी हातपाय धुऊन काही खाऊ द्या, मग गणित काढा.