ग्राहक अंगावर आला, तर जबाबदारी कुणाची?

प्रश्न : रात्रपाळीला मी काउंटरवर एकटीच असते. मागे एका ग्राहकाने रागाच्या भरात स्टेपलर फेकून मारला, कपाळाला टेंगूळ आलं. मालक म्हणतात, "बाहेरच्या माणसाला आम्ही काय करणार?" हे योग्य आहे का?

उत्तर : ताई, मुळीच नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१९ साली करार क्रमांक १९० मंजूर केला. बाहेरच्या माणसाने केलेली हिंसाही त्यात येते, कामावर ये-जा करतानाची आणि फोनवरची धमकीसुद्धा. धोरण ठरवताना कामगारांना विचारा, धोके आधीच हेरा, प्रशिक्षण द्या, ही कामं तो मालकावर टाकतो. मात्र करार मान्य केलेल्या देशांनाच तो लागू होतो, तोही तिथल्या कायद्यांमार्फत. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात तिथल्या स्वतंत्र कायद्यानुसार १ जुलै २०२४ पासून बहुतेक मालकांना कामावरची हिंसा रोखण्याची लेखी योजना करावी लागते आणि हिंसेच्या घटनांची नोंदवही पाच वर्षं जपावी लागते.

तुमच्या पत्रातला 'एकटीच' हा शब्द मला सर्वांत जास्त खटकला. धोका तिथेच आहे. रात्री दुसरा माणूस, काउंटरखाली धोक्याचं बटण, मागे सुटायला मोकळी वाट आणि फेकता येतील अशा वस्तू ग्राहकाच्या हाताबाहेर, एवढं तरी मागाच.

आजच तारीख, वेळ, साक्षीदार आणि जखमेचा फोटो यांसह मालकांना लेखी तक्रार द्या. पोच घ्या. डॉक्टरांचा कागद जोडा. पोलिसांत जायला मालकाची परवानगी लागत नाही.