विनामूल्य विज्ञानकथा-मासिकांना आपली छोटी रक्कम खरोखर उपयोगी पडते का?

आपण इंग्रजीतील विज्ञानकथांची आणि अद्भुतकथांची ऑनलाइन मासिके नियमित वाचता आणि त्यांची मदतीची आवाहनेही पाहता. परंतु देता येण्याजोगी रक्कम लहान आहे, तेव्हा तिचा काही उपयोग होतो का, आणि जे विनामूल्य वाचता येते त्याची वर्गणी का भरावी, असे आपण विचारले आहे. उपयोग निश्चित होतो. माझे मत तर असे आहे की, नियमितपणे येणारी लहान रक्कम एकदाच दिलेल्या मोठ्या देणगीपेक्षा संपादकाच्या अधिक कामी येते.

यासाठी एका कथेचा हिशेब पाहावा. एस.एफ.डब्ल्यू.ए. ही विज्ञानकथा व अद्भुतकथा लेखकांची संघटना २०१९ पासून व्यावसायिक मानधनाचा किमान दर शब्दामागे ८ सेंट इतका मानते. या दराने ५,००० शब्दांच्या कथेला ४०० डॉलर द्यावे लागतात, आणि अंकात अशा सहा कथा असतील तर केवळ मानधनच २,४०० डॉलर होते. मुखपृष्ठाचे चित्र, कथेचे ध्वनिमुद्रण होत असेल तर अभिवाचकाचे मानधन आणि संकेतस्थळाचा खर्च हे सारे त्यावर. आलेल्या कथांच्या ढिगातून पहिली निवड करणारे वाचक तर पुष्कळ ठिकाणी विनावेतनच राबतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लिहून घेतलेल्या कथांचा इतका भडिमार झाला की ‘क्लार्क्सवर्ल्ड’ या मासिकाला काही काळ नव्या कथा स्वीकारणेच थांबवावे लागले, अशा वेळी या मंडळींवर पडणारा ताण कोणत्याही जमाखर्चात दिसत नाही. शिवाय कथा स्वीकारली जाते ती प्रकाशनाच्या पुष्कळ आधी. म्हणजे आज एखाद्या लेखकाला होकार कळवताना संपादकाला काही महिन्यांनंतरच्या पैशांचा अंदाज बांधावा लागतो, आणि किती वर्गणीदार तोवर टिकून असतील हे ठाऊक असेल तरच त्याला लांबलचक कथा किंवा अगदी नवख्या लेखकाची कथा निर्धास्तपणे घेता येते. अवचित आलेली देणगी मागची तूट भरून काढते. पुढच्या अंकाची आखणी मात्र वर्गणीच्या भरवशावर होते.

आता, विनामूल्य असलेल्याची वर्गणी का, याविषयी. २०१० साली सुरू झालेले ‘लाइटस्पीड’ आपल्या कथा महिनाभर टप्प्याटप्प्याने संकेतस्थळावर ठेवते, तर वर्गणीदाराला संपूर्ण अंक ई-पुस्तकरूपाने सुरुवातीलाच मिळतो. दर दोन महिन्यांनी निघणाऱ्या ‘अनकॅनी’चीही पद्धत साधारण हीच आहे: अंकाचा अर्धा भाग पहिल्या महिन्यात खुला होतो, उरलेला दुसऱ्या महिन्यात. ही सोय चांगलीच आहे, पण तिच्यासाठी पैसे मोजावेत असे मी म्हणणार नाही. पैसे द्यायचे ते कथा सर्वांना खुली राहावी म्हणून, म्हणजे ज्याला वर्गणी परवडत नाही अशा वाचकासाठीसुद्धा. ‘स्ट्रेंज होरायझन्स’ हे २००० सालापासून चाललेले ना-नफा नियतकालिक स्वयंसेवकांच्या बळावर आणि दरवर्षीच्या निधिसंकलनावर उभे आहे, ते याच भूमिकेतून.

वर्गणी कोठे भरता, यालाही फार महत्त्व आहे. कित्येक मासिकांचे पुष्कळसे वर्गणीदार ॲमेझॉनच्या किंडल न्यूजस्टँड या ई-नियतकालिकांच्या विक्रीसेवेमार्फत आलेले होते. ॲमेझॉनने २०२३ मध्ये ही वर्गणीसेवाच बंद केली, तेव्हा ‘क्लार्क्सवर्ल्ड’सह अनेक मासिकांच्या उत्पन्नाला मोठे खिंडार पडले. त्या वाचकांचे पत्ते मासिकांकडे नव्हतेच, त्यामुळे त्यांना थेट कळवून दुसरीकडे वळवण्याचा मार्गही नव्हता. म्हणून मासिकाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून वर्गणी भरणे मला सर्वांत योग्य वाटते. ते जमत नसेल तर पॅट्रिऑन, म्हणजे लेखक-कलावंतांना नियमित पैसे देण्याची ऑनलाइन सेवा. येथे एक व्यावहारिक बाब ध्यानात ठेवावी. पैसे भरण्याच्या प्रत्येक व्यवहारावर टक्केवारीखेरीज ठरावीक शुल्कही कापले जाते, त्यामुळे रक्कम अगदीच लहान असेल तर ती दरमहा देण्याऐवजी वर्षाची एकदम द्यावी. वार्षिक वर्गणीही संपादकाला आगाऊ ठाऊक असते, त्यामुळे नियमितपणाचा लाभ हातचा जात नाही. तसेच दहा मासिकांना थोडेथोडे वाटण्यापेक्षा आपण खरोखर वाचता अशी एक-दोन निवडून त्यांच्याशी काही वर्षे टिकून राहावे, असे मी सुचवेन.

पैसे देणे मुळीच शक्य नसेल, तर कथेविषयी लिहावे. ‘हे मासिक छान आहे’ एवढ्याने कोणी तिकडे वळत नाही. अमुक कथेतील अमुक कल्पना कशी फुलवली आहे हे चार ओळींत सांगितले आणि सोबत मासिकाच्या पानाचा दुवा दिला, तर माणसे खरोखर जाऊन वाचतात. मजकूर उचलून इतरत्र चिकटवू नये, कारण वाचक मासिकापर्यंत पोहोचलाच नाही तर तो वर्गणीदार होण्याची शक्यताही उरत नाही. वर्ल्डकॉन या विज्ञानकथाप्रेमींच्या वार्षिक जागतिक संमेलनाचे सदस्यत्व असणाऱ्यांनी तेथे दिल्या जाणाऱ्या ह्यूगो पुरस्कारांच्या नामांकनाचा हक्क अवश्य बजावावा. प्रत्येक विभागात पाचपर्यंत नावे सुचवता येतात, लघुकथेसाठी ७,५०० शब्दांची मर्यादा आहे, आणि यांतील काही मासिकांसाठी ‘सेमीप्रोझिन’, म्हणजे अर्ध-व्यावसायिक नियतकालिक, हा स्वतंत्र विभागही आहे. नामांकनाच्या वेळी वर्षाच्या आरंभी वाचलेल्या कथा हमखास विसरलेल्या असतात. तेव्हा कथा आवडली की त्याच दिवशी तिचे नाव, शब्दसंख्या आणि मासिक यांची नोंद करून ठेवावी.