मैदानाला कंपनीचं नाव

प्रश्न : आमच्या जुन्या मैदानाला दहा वर्षांसाठी कंपनीचं नाव द्यायचं घाटतंय. करारात काय पाहावं? – एक वाचक, अमळनेर

उत्तर : कंपनी बुडाली तर काय, हे आधी लिहून घ्या. ह्यूस्टनच्या बेसबॉल मैदानाला एन्रॉनचं नाव होतं (दाभोळवाली तीच!). २००१मध्ये तिचं दिवाळं निघालं आणि नाव उतरवायला संघालाच २१ लाख डॉलर मोजावे लागले. कमान, पाट्या बदलण्याचा खर्च कोणाचा, तेही त्याच कलमात घ्या.

जुनं नाव पुसू नका, कंपनीचं पुढे जोडा. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या सेंट जेम्स पार्क या फुटबॉल मैदानाचं नाव २०११मध्ये बदललं, प्रेक्षक खवळले. पुढच्याच वर्षी नव्या प्रायोजकाने हक्क विकत घेऊन जुनं नाव परत दिलं. नव्याकोऱ्या मैदानाला हा त्रास कमी.

पैसे दरवर्षी आगाऊ, मैदानाच्या स्वतंत्र खात्यात घ्या. पालिकेच्या सामान्य निधीत गेले, की खेळपट्टीच्या रोलरलाही उरत नाहीत.