एटना ज्वालामुखीच्या पायथ्याशी पहिली पुलयात्रा

इटलीच्या सिसिली बेटावरील प्राचीन अवशेष पाहायला सुरुवात कुठून करावी, असे तुम्ही विचारलेत; तुमचा उत्साह पाहून मनापासून आनंद झाला. मात्र सिसिलीतील सगळी पुरास्थळे एकाच फेरीत उरकण्याचा बेत सोडून द्या, कारण नवख्यांची पहिली चूक बहुधा हीच असते. पहिल्या फेरीसाठी आद्रानो गावाजवळ सिमेतो नदीवर उभा असलेला ‘सारासेनांचा पूल’ निवडा. सारासेन हे मध्ययुगीन युरोपात अरबांना दिलेले नाव, त्यामुळे तो अरबांनीच बांधला, असे अनेकजण गृहीत धरतात. प्रत्यक्षात त्याचे मूळ रोमन काळात शोधले जाते आणि आज दिसणारे रूप मध्ययुगीन आहे. म्हणून पुलाचे एकच वय ठरवण्याची घाई करू नका. मोठ्या टोकदार कमानीत काळा लाव्हा आणि फिकट दगड आलटून-पालटून कसे बसवले आहेत ते पाहा, लहान कमानींशी त्यांची तुलना करा, आणि मग नदीने लाव्हाचा थर कापून कोरलेल्या घळीकडे वळा. छायाचित्रापूर्वी वहीत साधे रेखाटन केल्यास नजर लवकर तयार होते, असा माझा ठाम अनुभव आहे.

तीन गोष्टी पाळा:
- ओला बेसाल्ट (थिजलेल्या लाव्हाचा काळा खडक) अतिशय निसरडा असतो. पावसानंतर घळीत उतरू नका.
- खापराचा तुकडाही उचलू नका. इटलीत जमिनीत सापडणारे पुरावशेष कायद्याने राज्याच्या मालकीचे असतात.
- पुलाकडे जाण्याआधी आद्रानोच्या नॉर्मन किल्ल्यातील संग्रहालय पाहा.

लाव्हाप्रवाहांचे कालमापन आणि चुन्याच्या मिश्रणांचा अभ्यास तूर्त बाजूला ठेवा. दुसऱ्या फेरीत कातानिया शहरातील लाव्हाच्या दगडांचे रोमन रंगमंडल पाहू.